सारवलेली पाडणी

या मायबापहो, असे भिंतीला टेकून नका बसू, सरका पुढे. मागच्या ओळीपर्यंत आवाज चढवून सांगावी अशी ही गोष्ट नाही. जैबुनबीला तुम्ही रहमतच्या घरात नवरी म्हणून उतरताना पाहिलंत, तिचे दोन लेक वाढताना पाहिलेत. तिच्या हातून काय झालं, ते आज सांगतो. त्या हातांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं हो, पाहुण्यासाठी जागा सारवली होती. देव साक्षीला आहे आणि तिचा अल्लाही.

मारेगावच्या नालबंद गल्लीत शेवटचं घर रहमतचं, आणि घराला लागून मोकळी जागा, तिला सगळे पाडणी म्हणत. बैलाच्या खुरांना नाल ठोकायचे तर आधी त्याला दोर टाकून आडवा पाडावा लागतो. कडक जमिनीवर पाडला तर हाड जातं. म्हणून रहमतच्या आज्यापासून या जागेत राख, भुसा, खुरांचे तासलेले तुकडे पडत आले होते. दर हंगामाला नालबंद ती खणत, ढेकळं फोडत. पाय टाकला तर घोट्यापर्यंत आत जाई, इतकी ती मऊ. कापसाच्या गाड्या घेऊन वणीकडे जाणारा गाडीवान इथे थांबल्याशिवाय पुढे जात नसे. आणि गल्लीचा एक जुना रिवाज होता: बैल पाडताना बाईमाणसानं तिथे उभं राहायचं नाही. सावलीनं जनावर बुजतं म्हणत. खरं-खोटं तो जाणे, पण जैबुनबीनं या घरात केस पांढरे केले तरी बैल पडताना एकदाही पाहिला नव्हता. दाराआडून ऐकला होता फक्त. धप्प असा मऊ आवाज, जसं कुणी कापसाचं बोचकं टाकावं.

सरकारच्या लेखी मात्र ती जागा पडीक. एकोणसाठच्या फाल्गुनात शाळामास्तर आणि कारकुनांची घरबांधणी सोसायटी निघाली आणि तिची नजर नेमकी पाडणीवर गेली. गल्लीनं हरकत घेतली. बुधवारी वणीहून साहेब स्वतः जागा पाहायला येणार असा निरोप आला, आणि निरोपाच्याच संध्याकाळी सारी गल्ली रहमतच्या ओसरीवर जमली.

"साहेब काय पाहायले येऊन राह्यले? जागा चालू हाये का पडीक, हेच न?" रहमत म्हणाला. "मंग पाहू द्या. तांड्यावरच्या किसनसिंगले सांगावा धाडा, त्याच्या चांद्या बैलाले घेऊन ये म्हना. साहेबाच्या डोयापुढं नाल ठोकतो. बोलायची गरजच काय?"

शेजारचा गोविंदा सुतार हसला. गाड्या बनवणारा माणूस, आणि शनिवारी मारुतीच्या पारावर कीर्तन असलं की टाळ धरणारा. "चाचा, तुमी इकडं बैल पाडा, मी तिकडं चाकाले धाव चढवतो. साहेब म्हनन, अरे, हे तं कारखानाच हाये!"

सगळे हसले. थोरला अय्यूब हसला नाही.

"अन् पुढं?" तो म्हणाला. "आज दाखवसान, उद्या दाखवसान. ट्रका सुरू झाल्या, अब्बा. राजूरच्या खाणीत जाऊन पाहा, एक बैल दिसते काय."

"ट्रकले नाल लागत नाही म्हून तुले खुशी होऊन राह्यली काय?"

"खुशी कायची? मी खरं ते सांगून राह्यलो."

धाकटा नासिर कोपऱ्यातून म्हणाला, "भाऊचं खरं मास्तरच्या घरून येते. सोसायटीच्या खिडक्याचे गज भाऊच्या भात्यावर बननार हायेत. अन् कोपऱ्यावरचं एक घरही भाऊले. काय भाऊ, खोटं बोललो काय?"

अय्यूबनं मान वर केली. "नाही. खरंच हाये. मास्तर बोलले. मंग? माही लेकरं एका खोलीत पायाले पाय लावून झोपतेत. बायकोनं दोन वर्सं झाले माहेरचं मानूस घरी बोलावलं नाही, बसवायले जागा नाही म्हून. तुह्यं लगन झालं का तुलेही समजन."

"भाऊजी, तुमाले सोपं हाये," दाराआडून अनवरीचा, अय्यूबच्या बायकोचा आवाज आला. "तुमी तं पाडणीतच खाट टाकता."

जैबुनबी चुलीपुढे बसून सगळं ऐकत होती. नासिर बोले तेव्हा तिचं मन नासिरकडे झुके, अनवरी बोलली तेव्हा अनवरीकडे. आईचं असं होतं बघा. तराजूची दोन्ही पारडी तिच्याच हातात, आणि काटाही तिच्याच काळजात रुतलेला.

तेवढ्यात अंगणात खाकरल्याचा आवाज आला. पंजाबराव मास्तरच. सोसायटीचे पुढारी म्हणा, पण राहायला गोविंदाच्या मागच्या खोलीत भाड्यानं. त्यांच्या बायकोचं, कोकिळेचं, पहिलं बाळंतपण जैबुनबीनंच पार पाडलं होतं. माणसं उठून जाऊ लागली, तसे मास्तर हात जोडून म्हणाले, "बसा, बसा. मी वैर घेऊन नाही आलो, चाचा. आम्हालाही कुठंतरी घर लागतंच ना. गावाबाहेरची जागा मागितली, ती नाही दिली. ही दाखवली."

"मंग नाही घेत म्हनायचं होतं," नासिर उसळला.

"नासिर!" जैबुनबी आतून ओरडली. "मास्तर आपल्या ओसरीवर उभे हायेत. बसा मास्तर, च्या घेऊन जा."

आणि मास्तरांनी चहा घेतला. पुढ्यात भांडण, हातात कप. त्या गल्लीत वैरसुद्धा असं उष्ट्या कपानं व्हायचं.

आता ऐका. मंगळवारी सकाळी रहमत खिळे आणायला राजूरकडे गेला. नासिर किसनसिंगच्या तांड्यावर गेला. घरात जैबुनबी, आणि दुसऱ्या दिवशी साहेब. तिला एकच घोर लागला. मागे एकदा पटवारी आला होता, तर त्याचा बूट पाडणीतल्या राखेत घोट्यापर्यंत रुतला. मांजरानं ओला पाय झटकावा तसा पाय झटकत तो गेला होता, आणि जाताना म्हणाला होता, "काय हा उकिरडा!" तो शब्द तिच्या मनात अजून काट्यासारखा होता. उद्या साहेबाची खुर्ची रुतली तर? साहेबाच्या पांढऱ्या पाटलोणीला राख लागली तर?

आणि दुसरं असं, की गोविंदाच्या मागच्या भिंतीआडून ती पारावरचं कीर्तन ऐके. नेमानं ऐके. नमाज आटोपून, पदर डोक्यावर घेऊन, अंधारात उभी राहून. मागच्या शनिवारीच बुवांनी सांगितलं होतं, की पाहुणा ज्या वाटेनं यायचा त्या वाटेवरचा खडा आधी आपल्या पायात रुतू द्यावा, मग तो पाहुणा कोण आहे हे विचारावं. हे ऐकून तिला रडू आलं होतं. माणूस कुठल्याही देवाचा असो, चांगलं बोलणं सारखंच लागतं.

तिनं गल्लीतल्या बायांना हाक दिली. "चला व, उद्या साहेब येते. जागा नीट करू."

शेतकऱ्याघरच्या बाया त्या, खळं कसं करतात हे त्यांना कुणी शिकवायला नको. आधी घागरीनं पाणी शिंपडलं. गोविंदाकडून माती ठोकायची धुम्मस आणली आणि पाळीपाळीनं जमीन चोप चोप चोपली. वर पांढऱ्या मातीचा थर, पुन्हा धुम्मस, वर शेणाचा सडा. गाणी म्हटली, एकमेकींच्या नवऱ्यांची नावं घेऊन चिडवलं. अनवरी सुद्धा आली. सासूशी आठवडाभर अबोला होता, पण शेणाचे हात झाल्यावर अबोला कसला राहतो! "अम्मी, तुमी बसा, तुमच्यानं ही धुम्मस उचलत नाही," असं म्हणून तिनं सासूच्या हातातून धुम्मस घेतली, तेव्हा जैबुनबीला वाटलं, घर पुन्हा जुळून येतंय.

दुपारच्या उन्हानं पाडणी चकचकीत झाली. मळणीला जोंधळा टाकावा असं खळं. कुणीतरी म्हणालं, बैलाले टोचन काय व? तर जैबुनबीनं घरातलं वाळलं गवत आणून वर पसरलं. "घ्या, गादीच झाली," ती म्हणाली.

अय्यूब कापसाच्या जिनातल्या लोहारकामाच्या भात्यावरून जेवायला आला तेव्हा तो त्या जागेपाशी थांबला. गवत पायानं बाजूला सारलं. टाच आपटली. पुन्हा आपटली. मग आईकडे पाहिलं.

"काय रे?"

त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. जैबुनबीनं ते पाहिलं. आईला लेकाच्या ओठावरचा शब्द दिसतो, पण तो कुठला, ते कळत नाही कधीकधी.

"काही नाही," तो म्हणाला. "चांगलं केलं." आणि खाली मान घालून घरात शिरला.

बुधवारी उन्हं चढायच्या आत साहेब आले. भला माणूस दिसत होता, घामानं डबडबलेला, हातात रुमाल. खुर्ची ठेवली, ती जागची हलली नाही. दाराच्या फटीतून पाहणाऱ्या जैबुनबीचा जीव सुपाएवढा झाला. रहमत राजूरहून रात्री अंधारात परतला होता, सकाळी त्याला वरचं गवतच दिसलं; कामाला तो नेहमी अनवाणीच उतरे. त्या दिवशी तिनंच त्याला ईदचे जोडे घालायला लावले होते. "साहेबापुढं उघड्या पायानं जाता काय? लोक काय म्हनतीन?" तो कुरकुरला होता. "बैलाले जोडे घालायचे का मले?" पण घातले त्यानं. तिचं मन मोडणं त्याला कधी जमलंच नाही.

किसनसिंग नासिरसोबत तांड्यावरून रात्रीतून गाडी जुंपून आला होता. डोक्याला लाल पागोटं, मिशीला तेल. त्याच्या बापाची गाडी रहमतच्या बापानं नाल ठोकलेल्या बैलांनी ओढली होती, अशी ती जुनी सोयरीक. त्याच्या मागे चांद्या. पांढरा, कपाळावर करडा चंद्र, शिंगाला गोंडे. "साहेब," किसनसिंग हसून म्हणाला, "हा बैल पाडा लागत नाही. रहमतभाईनं दोर हाती घेतला का सोताहून आडवा होते. बछडा होता तवापासून इथंच पडत आला हाये. माह्या घरात झोपत नाही इतका इथं झोपते."

आणि तसंच झालं, मायबापहो. रहमतनं दोर टाकला. चांद्यानं मान हलवली, जणू बरं म्हणाला. नासिरनं शिंग धरलं, आणि एक पाऊल मागे घेताना त्याच्या अनवाण्या टाचेला जमीन लागली. त्याचा चेहरा बदलला.

"अब्बा, थांबा—"

पण चांद्या थांबला नाही. तो जसा नेहमी पडे तसा पडला. अंग राखून नाही. सगळं ओझं एकदम सोडून, मऊ मातीवर सोडावं तसं.

तो आवाज जैबुनबीनं कधी ऐकला नव्हता. कापसाचं बोचकं नव्हतं ते. वाळली फांदी मोडावी तसा एकच कडाका झाला, आणि मग काहीच नाही. बैल हंबरला सुद्धा नाही. मान उचलून त्यानं रहमतकडे पाहिलं. पुढचा खांदा भलत्याच बाजूला वळला होता.

साहेब खुर्चीवरून उठले. "हे काय? ही अशी जागा? इथं जनावरं पाडता तुम्ही?"

तेव्हा कोण बोललं म्हणता? पंजाबराव मास्तर बोलले. "साहेब, ही जागा अशी नाही. मी रोज पाहतो. माती मऊ असते इथली, पाय रुततो—"

साहेबांनी बुटानं गवत सारलं, टाच ठोकली. टक् टक् वाजलं. "ही मऊ? मास्तर, जागा तुम्हालाच पाहिजे ना?" साहेब पुढे म्हणाले, "शेजारी लेकरं खेळतात, आणि इथं हा प्रकार. घरंच झालेली बरी." त्यांनी कुणावर राग केला नाही. जाताना रहमतच्या खांद्यावर हात ठेवून "वाईट झालं" असंही म्हणाले. झालं. जागेचा निवाडा झाला.

माणसं पांगली. मास्तर जाताना दाराशी थांबले. "चाची, मला हे असं नको होतं," म्हणाले. तिनं पहिल्यांदाच त्यांना बसा म्हटलं नाही.

रहमत चांद्याच्या डोक्याशी उकिडवा बसला होता. त्यानं जोडे काढले. एक, मग दुसरा. उघडा पाय जमिनीवर ठेवला आणि तसाच बसून राहिला.

"कोनं केलं हे?"

दारामागून साऱ्या बाया आत सरकल्या. जैबुनबी रिवाज मोडून पाडणीत आली. पहिल्यांदा. "म्या," ती म्हणाली. "साहेबाची खुर्ची रुतू नये म्हून."

ती वाट पाहत होती, त्यानं शिवी द्यावी. हात उगारावा. रहमतनं तिच्याकडे पाहिलं नाही. "जोडे घातले होते म्या," तो म्हणाला. "पायानं सांगितलं असतं मले. मीच जोडे घातले." त्यानंतर तो काही बोललाच नाही, त्या दिवशी नाही आणि फारसा पुढेही नाही.

किसनसिंगनं पागोटं सोडून चांद्याच्या डोळ्यांवर टाकलं. मग तिच्यापुढे येऊन उभा राहिला, तर जैबुनबी खाली बसली, त्याच्या पायाशी. "भाऊ, मले काही तं बोल. तुह्या घरचा लेक मारला म्या."

"काय बोलू, भाभी?" किसनसिंग म्हणाला. "घरी बायकोनं, लालीनं, निघताना त्याले गूळ देल्ला. म्हने, रहमतभाईकडे चालला, साजरा होऊन येजो. तिले काय सांगू, एवढं तू मले सांग."

लालीला हे सांगणं कुणाला जमलं असतं?

दुपारी ती अय्यूबच्या खोलीत गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. अनवरी लेकरांना घेऊन बाहेर गेली, तिला ते कळलं असावं.

"अय्यूब. काल टाच आपटून पाह्यली तू."

त्यानं पाय पोटाशी ओढले.

"तू नालबंदाचं पोरगं हायेस. मी बाई, मले नाही समजलं. तुले समजलं होतं न?"

"हो."

"मंग काहून नाही बोलला?"

"मले वाटलं," अय्यूब भिंतीलाच म्हणाला, "बैल बुजन. पडनार नाही. अब्बाचं हसं होईन अन् जागा जाईन. एवढंच वाटलं, अम्मी. कसम. चांद्या असा अंग सोडून पडते, हे मी कुठी पाह्यलं होतं? मी तं जिनात असतो."

जैबुनबीला लेकाला मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. कालच्या शेणाचा वास अजून तिच्या बोटांना होता, त्याच बोटांनी ती दाराची कडी धरून उभी राहिली. लेक गप्प राहिला होता, पण सारवलं कुणी होतं? दोघांच्या मध्ये ही गोष्ट आता कायमची येऊन बसली, ना तो ती उचलणार, ना ती.

उन्हं उतरताना किसनसिंग निघाला. खांदा मोडलेला बैल पुन्हा उभा राहत नाही; चांद्याचं त्यानंच आटोपलं होतं, गोविंदा सोबत होता. ते मी सांगत नाही. गाडीला एकच बैल उरला होता. जोखडाची दुसरी बाजू जमिनीला टेकून वाकडी पडली होती.

नासिर घरातून एक वाकळ घेऊन आला. ती घडी करून त्यानं खांद्यावर ठेवली, आणि काही न बोलता त्या रिकाम्या बाजूखाली शिरला.

"नासिर, हे काय रे पोरा!" किसनसिंग ओरडला. "मानूस जुंपतं काय कोनी?"

"चाल, काका. तांड्यावर पोचवतो. पेरणी होईस्तोवर तुह्या वावरात राहीन. बैलाचं काम जेवढं मानसाले जमते तेवढं करीन."

"नासिर!" रहमतची हाक नव्हती ती, अय्यूबची होती. तो दारात आला होता. "तू थांब. मी जातो."

नासिरनं मागे पाहिलं. "तुले घर बांधायचं हाये, भाऊ," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच अय्यूबला तो सहन झाला नाही. तो पायरीवर बसला, डोकं गुडघ्यात घालून.

गाडी निघाली. एका बाजूला बैल, एका बाजूला तिचा लेक. बैलाचं पाऊल मोठं, नासिर अडखळे, मग बैल थांबे. चिंचेच्या वळणापर्यंत ती पाहत राहिली.

मग तिनं घरातून कुदळ आणली. पाडणीत गेली आणि सारवलेल्या जमिनीवर घाव घातला. कुदळ टणकन उलटली. पुन्हा घातला. तिनं केलेलं काम पक्कं होतं हो, बायांनी जीव ओतून केलेलं. अंगणाएवढ्या जागेतून कोपऱ्यातली पसाभर माती निघाली. खालून राख वर आली, मऊ, अजून तशीच. अनवरी येऊन म्हणाली, "अम्मी, आता कायले?" तर ती म्हणाली, "माहीत नाही व." आणि खणत राहिली. पारावर गोविंदाचे टाळ त्या शनिवारी वाजले नाहीत.

आज तिथे घरं आहेत. नीटनेटकी, रंग दिलेली, दारात तुळस. तिथल्या माणसांचं काही चुकलं नाही, त्यांच्यावर राग धरू नका. रहमतसाठीही फार हळहळू नका. तो तिच्या आधी गेला आणि सुटला. माझं एकच मागणं आहे. घरी जाताना पायाखाली कुठे मऊ माती लागली, तर चांद्याला आठवा. कपाळावर करडा चंद्र असलेला पांढरा बैल. गूळ खाऊन आला होता तो.